चकलीचा कौल

आमच्या घरात दोन जण जेवत नव्हते. एक माझा धाकटा भाऊ भावेश आणि दुसरी त्याची चकली. भावेश पलंगावर पडून असायचा, नाकात नळी, डोळे अर्धवट उघडे. चकली त्याच्याच खोलीत खिडकीखालच्या काचेच्या पेटीत. चकली म्हणजे साप. परदेशी जातीची छोटी अजगरीण, मनगटाएवढी जाड, तपकिरी अंगावर पिवळट डाग. घाबरली की अंगाचं वेटोळं करून तोंड मधे खुपसून बसायची, म्हणून भावेशनं तिचं नाव चकली ठेवलं. कल्याणला दिपेश नावाच्या त्याच्या मित्राचं मासे-पोपट विकायचं दुकान आहे, तिथून त्यानं ती आणली. रीतसर नोंदणी केली, आमच्या सगळ्या शेणवे गावाला दाखवून झाली, आणि मग घरी सांगितलं. आमचा भावेश सगळी कामं याच क्रमानं करायचा.

आईनं महिनाभर त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. नागपंचमीला विळीला हात न लावणारी बाई ती. घरात साप, आणि तोसुद्धा पेटीत कोंडलेला, हे तिला पापाहून वाईट वाटायचं. मग हळूहळू ती दारातून डोकवायला लागली. मग खोली झाडताना पेटीची काच पुसायला लागली. लेकाचं लाडकं ते तिचं लाडकं, त्याला ती काय करणार? हात मात्र तिनं कधी लावला नाही.

चकली दर दुसऱ्या रविवारी जेवायची. तिचे उंदीर दिपेशकडून बर्फात गोठवलेले यायचे आणि आमच्या फ्रीजमध्ये कोलंबीच्या डब्याशेजारी राहायचे. यावरून मी जेवढी भांडले तेवढी आयुष्यात कशावरून भांडले नसेन. भावेश उंदीर गरम पाण्यात सोडून मऊ करायचा, चिमट्यात धरून पेटीत हलवायचा, आणि चकलीनं झडप घातली की ओरडायचा, "चकली जेवली! आय, वाढ आता!" त्याआधी तो स्वतः ताटावर बसायचा नाही. एकदा पाहुणे आले होते, मामा-मामी, मटण शिजून तयार, आणि हा पेटीसमोर उकिडवा बसलेला. बाबा म्हणाले, "सापाचं जेवण होईस्तवर आमी उपाशी राह्याचं काय रे?" भावेश म्हणाला, "तुमी बसा. मी तिच्यानंतर." आणि खरंच तिच्यानंतर बसला. लाडानं केलेली सवय, दुसरं काही नाही. पण ती सवयच पुढं आमच्या मुळावर आली.

दिवाळी झाल्यावर तो मुरबाडहून, मामाकडून बाइकवर येत होता. संध्याकाळची वेळ, म्हैस आडवी आली. म्हशीला काही झालं नाही. भावेशचं डोकं आपटलं. बरेच दिवस हॉस्पिटलात काढल्यावर त्याला घरी आणलं, कारण तिथं करण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं. घरी पाठवताना डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर उभं करून सांगितलं, जे द्यायचं ते पातळ करून नळीतून द्या. तोंडानं काही म्हणजे काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. त्याला गिळता येत नाही, घातलेलं सगळं छातीत उतरेल आणि ते त्याच्या जिवावर बेतेल. बाबांनी मान हलवली. मी मान हलवली. आईनंही हलवली, पण तिची मान हलली म्हणजे तिला पटलं असं कधीच नसतं.

ती दर थोड्या वेळानं त्याला नळीतून पेज द्यायची, डाळीचं पाणी द्यायची. मोठी पिचकारी भरायची, उंच धरायची, आणि पेज खाली उतरताना बघत राहायची. एकदा मला म्हणाली, "नाकानं काय जेवण असतं गो? चव जिभेला कळते. जिभेला काय मिलालंच नाय तर त्याला कसं कळंल आपण जेवलो?" मी म्हटलं, पोटात जातंय ना, मग झालं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी दगडाची आहे आणि तिला ते नव्यानं कळलंय.

मग ती माहेरी गेली. मुरबाडच्या पुढं तिचं गाव. तिथल्या गावदेवीला कौल लावतात, देवीच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होईल, डावी पडली तर नाही. आईनं विचारलं, माझा लेक तोंडानं जेवील का? पाकळी पडली नाही. गुरवानं पुन्हा लावल्या, गाऱ्हाणं घातलं, बराच वेळ सगळे बसून राहिले. ना उजवी, ना डावी. गुरव म्हणाला, आज देवी बोलत नाही, पुढच्या महिन्यात या. आई रिकाम्या हातानं परत आली आणि बाहेरचं पातळ न बदलता भावेशच्या खोलीत जाऊन बसली. तिथं चकलीच्या पेटीत मी सकाळी ठेवलेला उंदीर तसाच पडला होता. भावेश पडल्यापासून चकलीनं तोंड उघडलं नव्हतं.

आई त्या उंदराकडे बघत राहिली. मग मला हाक मारून म्हणाली, "कुणाली, देवी नाय बोलली तर ही बोलंल. भावेश हिच्या मागून जेवायचा का नाय? मग ही ज्या दिवशी जेवील, त्या दिवशी माझा भावेश तोंडानं जेवील. मी त्याला माझ्या हातानं पेज भरवीन. हाच माझा कौल."

"आय, डॉक्टर काय बोलले ते ऐकलंस ना?"

"डॉक्टर त्याला ओलखतो काय? ही ओलखते."

मी खूप बोलले. नको ते बोलले. आई शांतपणे भाताचं आधण ठेवायला गेली.

तेव्हापासून आमच्या घरात सापाला जेवू घालणं हे एकच काम उरलं. शेजारची गुणाबाई वाटीभर दूध घेऊन आली. चकली दुधात शेपूट बुडवून निघून गेली आणि पेटीला दोन दिवस वास येत राहिला. आईनं गावठी अंडं ठेवलं. कोंबडीची कलेजी ठेवली. बोंबील ठेवून बघितला, तो का ते तिलाच माहीत. आणि दिवसातून इतक्यांदा झाकण उघडून "खा गो माझे बाय, खा," म्हणायची की चकली वेटोळ्यातून बाहेर यायचीच बंद झाली.

मी दिपेशला फोन लावला. त्याला आईच्या कौलाचं काही सांगितलं नाही, लाज वाटली. तो म्हणाला, "ताई, घाबरू नका. या जातीचे साप थंडीत महिनोन्‌महिने उपाशी राहतात, मरत नाहीत. तिला ऊब पाहिजे. पेटीखाली गरम चटई आहे ना, ती चालू ठेवा. ऊब नसली तर खाल्लेलं पचत नाही तिला, म्हणून ती खातच नाही. आणि कृपा करून तिला एकटं सोडा."

पौषातली थंडी होती. आमच्याकडे त्या दिवसांत सकाळी अंगणातल्या बादलीत हात घालवत नाही. मी पेटीवर जुनी चादर टाकली, लपायला पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं, चटईचं बटण चालू केलं आणि आईला झाकण न उघडण्याची शपथ घातली. आईला सांगितलं की हिला थंडी आहे, म्हणून जेवत नाही. ती म्हणाली, "थंडी आपल्याला पण हाय. आपुन जेवतो नाय काय?" पण शपथ तिनं पाळली. लांबून हात जोडायची फक्त.

मी शहापूरला एका कपड्याच्या दुकानात कामाला आहे. सकाळी जीप पकडून जाते, संध्याकाळी येते. आल्या आल्या पेटीखाली हात घालून बघायचे. चटई गार. बटण बंद. मला वाटलं लाइट गेली असेल. दुसऱ्या दिवशी तेच. मी आईवर खेकसले, तिनं भावेशची शपथ घेतली, मी हात लावला नाय. मग एका सुट्टीच्या दिवशी मी मागच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते आणि खिडकीतून मला बाबा दिसले. माझे बाबा, सावळाराम, उभ्या आयुष्यात आईसमोर आवाज न चढवलेला माणूस. ते आत आले, भावेशच्या कपाळावरून हात फिरवला, आणि जाता जाता खालच्या बोर्डावरचं चटईचं बटण पायानं बंद करून निघून गेले.

मी त्यांना गोठ्यात गाठलं. "बाबा, तुमी बंद करता?"

ते म्हशीपुढं पेंढा टाकत राहिले. "हां."

"का पण? ती मरंल."

"नाय मरायची. तूच बोललीस, महिने महिने ऱ्हाते." मग ते माझ्याकडे वळले. "ती जेवली ना कुणे, तर तुजी आय त्याच्या तोंडात पेज घालील. मी नाय बोललो तर ऐकंल? मी तिचा हात धरू? पोराला भरवताना आयचा हात मी कसा धरू, सांग मला." त्यांनी हातातला पेंढा खाली टाकला. "सापाला उपास घडू दे. माजा पोर ऱ्हाऊ दे."

मला बाबांचा राग आला, आणि राग येता येता त्यांची इतकी दया आली की मी तिथंच शेणात बसकण मारली. ते चुकीचं बोलत नव्हते. आईला पटवणं आम्हा दोघांच्याही आवाक्याबाहेरचं होतं. तिचा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता आणि ती गोष्ट व्हायला नको म्हणून नवरा रोज पायानं बटण बंद करत होता. मी त्यानंतर पेटीखाली हात घालणं सोडून दिलं. आई मात्र रोज ताजा उंदीर ऊन पाण्यातून काढून ठेवायची, संध्याकाळी उचलून परसात पुरायची. तिला शिसारी यायची, ती तोंडाला पदर लावून करायची, पण करायची. चकलीच्या पाठीचा कणा दिसायला लागला होता. ते बघून मला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं, आणि दोन्ही वाटतंय याची चीड यायची.

त्या दिवशी मी दुकानातून लवकर सुटले. ऊन उतरायला लागलं होतं. फाट्यावरून घराकडे येतानाच मला नव्या तांदळाच्या पेजेचा वास आला, आणि आई मला घ्यायला अंगणाच्या टोकापर्यंत धावत आली. आई धावत होती. भावेश पडल्यापासून मी तिला जिना चढताना बघितलं तरी वाटायचं आता बसेल.

"जेवली! कुणे, जेवली गो चकली! आख्खा गिलला!"

तिनं मला हाताला धरून आत ओढलं. बाबा सकाळपासून खर्डीच्या बाजाराला गेले होते, ते अजून आले नव्हते. पेटीत चकली पसरली होती आणि तिच्या अंगाच्या मधोमध एक गाठ होती, उंदराएवढी. मी आधी पेटीखाली हात घातला. चटई गार होती. बटण बंद होतं.

"कशी जेवली?"

आई पलंगाच्या कडेला बसली आणि मला सांगायला लागली, पोरीनं शाळेतलं बक्षीस सांगावं तसं. "सकाली तू गेलीस ना, मी त्याला पुसायला घेतला. तर हात कसे, ऊन ऊन! रोज गार लागतात ना गो त्याचे हात? आज ऊन. गालावर लाली. मी बोलली, माज्या लेकात ऊब आली. जीव परत आला. मग माझ्या मनात आलं, हिला त्याच्याजवल दिली तर? मी हिला उचलली. या हातांनी. भ्याले नाय. त्याच्या छातीवर ठेवली, वर गोधडी घातली. तशी निजली त्याला चिकटून, दुपारपत्तर हलली नाय. मग परत पेटीत ठेवली आन उंदीर दावला, तर एका झटक्यात!" ती हसली. "मालकाचा हात लागला तिला. त्याच्यासाठीच थांबलेली ती."

पेजेची वाटी स्टुलावर निवत ठेवली होती. वर चमचा. "तुजी वाट बघत होती," आई म्हणाली. "एकटीनं नको भरवायला. सगल्यांनी बघायला पायजे."

मी भावेशच्या कपाळावर हात ठेवला.

तो भाजत होता. मी गोधडी बाजूला केली तर वाफ लागल्यासारखी ऊब अंगावर आली. छाती भराभर वरखाली होत होती आणि आतून घरघर येत होती. थर्मामीटर लावायची गरजच नव्हती, तरी मी लावला, आणि आकडा बघून आईला दाखवला नाही. चकलीला सगळ्या थंडीत कुठं ऊब मिळाली नव्हती, ती तिला माझ्या भावाच्या तापात मिळाली होती. म्हणून ती जेवली होती. मला हे उभ्या उभ्या कळलं आणि मला रडावंसं नाही, आईला गदागदा हलवावंसं वाटलं. पण तिनं तोवर वाटी उचलली होती.

"आय, वाटी खाली ठेव."

"का?"

"त्याला शहापूरला न्यायचाय. आत्ता."

"पेज खाऊ दे, मग नेऊ."

मी तिच्या हातातून वाटी घेतली. घेतली म्हणजे हिसकावली. पेज तिच्या पातळावर सांडली. तेवढ्यात दारात बाबा आले. त्यांनी माझ्या हातातली वाटी बघितली, पेटीतली गाठ बघितली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "घातलीस?" ते ओरडले. आईवर ओरडलेले मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, नाही बाबा, नाही घातली, ताप आहे, गाडी बोलवा.

गाडी आली. मी पुढं बसले, आई-बाबा मागं त्याच्यापाशी. आई सगळ्या रस्त्यानं त्याचा हात धरून होती आणि मधे मधे बाबांना म्हणत होती, "बघा किती ऊन हाय. बघा तरी." बाबा बघत नव्हते.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं ऑक्सिजनची नळी लावली, सुई लावली, छाती तपासली, सगळं भराभर, न बोलता. मग कागद घेऊन आमच्याकडे आली. "छातीत खूप इन्फेक्शन आहे. झोपून असलेल्या पेशंटना होतं असं. ताप कधीपासून आहे?"

मला खरंच माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं. आई पुढं झाली.

"ताप नाय, मॅडम. ऊब आलीय त्याला. सकालपासून. हात कसे ऊन झाले, गाल लाल झाले. म्हणून तर..."

ती थांबली. डॉक्टरिणीनं पेन तसंच धरून तिच्याकडे बघितलं. आईनं तिचं तोंड बघितलं, मग बाबांचं, मग माझं. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही. मी लपवायला पाहिजे होतं, मला जमलं नाही.

"म्हणून तर चकली जेवली," आई हळूच म्हणाली.

चकली कोण हे डॉक्टरिणीनं विचारलं नाही. तिनं "सकाळपासून" असं लिहिलं आणि आत गेली.

भावेश दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. आई रडली नाही. सही करायला बाबा आत गेले, आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. ते बाहेर आले तेव्हा आईनं त्यांना विचारलं, "अवो, सकालीच आनला असता तर वाचला असता?"

"नसता," बाबा म्हणाले. क्षणाचाही विचार न करता, ठाम.

आईनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"तुमी कधी खोटं बोललात नाय माज्याशी," ती म्हणाली. "म्हणून कलतं लगेच."

बाबा तिच्या शेजारी बसले आणि तोंडात उपरणं कोंबून रडायला लागले. आई त्यांची पाठ चोळत राहिली. "माजं पोर तापानं जलत होतं," ती म्हणाली, "आन मी दिवसभर आनंदात होते हो. इतकी आनंदात होते मी."